अतिनवताऱ्याचा पहिला दिवस : शोध, खातरजमा आणि तातडीचा पाठपुरावा

स्फोट होऊन उजळलेला तारा, म्हणजे अतिनवतारा, आठवडेच्या आठवडे दिसत राहतो. त्याच्याविषयीची काही माहिती मात्र फक्त पहिल्या काही तासांत मिळते. ती वेळ हुकली, की कितीही मोठी दुर्बीण रोखली तरी ती पुन्हा मिळत नाही. सूर्याच्या सुमारे आठपटींहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्याचा गाभा ढासळतो तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. गाभ्यातून निघालेला आघात तरंग ताऱ्याचे थर भेदत वर यायला काही तास, कधी दिवसभरही घेतो. तो पृष्ठभागाशी पोचला की अतिनील आणि क्ष-किरणांचा लोट बाहेर पडतो. हा लोट काही मिनिटे, फार तर तासाभराच्या आसपास टिकतो. मग तापलेले बाह्य थर फुगत फुगत थंड होऊ लागतात. ते कोणत्या वेगाने थंड होतात यावरून स्फोटापूर्वी तारा केवढा होता, हे काढता येते.

पहिल्या दिवसाचे दुसरे धन ताऱ्याभोवतीच्या वायूत असते. अखेरच्या काळात ताऱ्याने उधळलेला वायू जवळपास साचलेला असेल, तर स्फोटाच्या झोताने तो उजळतो आणि वर्णपटात आयनित हेलियम, नायट्रोजन, कार्बन यांच्या अरुंद रेषा उमटतात. मागून सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने येणारा स्फोटाचा मलबा हा वायू गिळून टाकतो आणि रेषा काही तासांत किंवा मोजक्या दिवसांत नाहीशा होतात. ऑक्टोबर २०१३मध्ये एनजीसी ७६१० या दीर्घिकेतला एसएन २०१३एफएस स्फोटानंतर अवघ्या तीन तासांच्या सुमारास टिपला गेला आणि सहाव्या तासापासून त्याचे वर्णपट घेता आले. मरण्यापूर्वीच्या साधारण शेवटच्या वर्षात त्या ताऱ्याने भरपूर वायू बाहेर टाकला होता, हे त्यावरूनच कळले. हेच वर्णपट आठवड्याने घेतले असते, तर हा एक सर्वसाधारण अतिनवतारा म्हणून नोंदला गेला असता.

लवकर शोध घेणे म्हणजे नवा ठिपका सर्वांत आधी पाहणे, अशी समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. तो ठिपका आधीच्या रात्री नव्हता, हे सिद्ध करता आले तरच त्याचे वय ठरते. म्हणून ज्या छायाचित्रात काहीच नाही, ते छायाचित्र शोधाच्या छायाचित्राइतकेच मोलाचे असते. ऑगस्ट २०११मध्ये एम १०१ या दीर्घिकेत सापडलेला एसएन २०११एफई याची उत्तम साक्ष देतो. तो शोधला पालोमार ट्रान्झियंट फॅक्टरी या सर्वेक्षणाने. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली हे सर्वेक्षण उभे राहिले होते. पण फुटलेला तारा केवढा होता, हे ठरवण्याच्या कामी आले मायोर्का बेटावरच्या, विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या सुमारे ४० सेंटिमीटरच्या दुर्बिणीचे एक छायाचित्र. ते स्फोटानंतर साधारण चार तासांनी घेतले गेले होते आणि त्यात अतिनवतारा दिसत नव्हता. फुटलेला तारा मोठा असता तर चार तासांनी तो दिसायलाच हवा होता. दिसला नाही, म्हणजे त्याची त्रिज्या सूर्याच्या त्रिज्येच्या दोन टक्क्यांहून, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येच्या जेमतेम दुपटीहून, कमी असली पाहिजे. एवढा लहान तारा म्हणजे श्वेत बटूच. रिकाम्या चित्राने दिलेले याहून मोठे उत्तर या विषयात शोधून सापडणार नाही.

अर्जेंटिनातल्या रोझारियो शहराचे हौशी निरीक्षक व्हिक्टर बुसो यांचे उदाहरण याच जातीचे आहे. २० सप्टेंबर २०१६च्या रात्री ४० सेंटिमीटरच्या दुर्बिणीवर नवा कॅमेरा तपासताना ते एनजीसी ६१३ या दीर्घिकेची छोट्या अवधीची छायाचित्रे एकामागून एक घेत होते. सुरुवातीच्या चित्रांत काही नव्हते. थोड्या खंडानंतरच्या चित्रांत एक ठिपका उगवला आणि पाहता पाहता उजळत गेला. आघात तरंग पृष्ठभाग फोडून बाहेर येण्याचा क्षण दृश्य प्रकाशात असा सापडणे हा मोठा योग. पण त्या योगाला किंमत आली ती अगोदरची रिकामी चित्रे जपून ठेवल्यामुळे आणि शंका येताच इतरांना कळवल्यामुळे.

मुंबईतल्या खारदांड्यासारख्या ठिकाणाहून यातले काय साधते? वस्तीचे, वांद्रे-जुहू पट्ट्याचे आणि विमानतळाचे दिवे मिळून इथले आकाश इतके उजळलेले असते की दीर्घिकेचे फिकट बाहू छायाचित्रातही नीट उमटत नाहीत. मात्र अतिनवतारा हा बिंदू आहे. पसरट वस्तू आकाशाच्या उजेडात बुडते. बिंदूचा प्रकाश कॅमेऱ्याच्या मोजक्या चौकटींत एकवटलेला असल्याने तो त्यातूनही वर काढता येतो. वीस सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण, ताऱ्यांबरोबर फिरणारी बैठक आणि कृष्णधवल कॅमेरा एवढ्या साहित्यावर अर्ध्या मिनिटाची वीस-तीस छायाचित्रे एकत्र रचली, तर शहरातूनही पंधराव्या प्रतीपर्यंत पोचणे शक्य असते. (प्रतीचा आकडा वाढतो तसा तारा अंधुक होतो, नुसत्या डोळ्यांची मर्यादा गडद आकाशात साधारण सहावी प्रत.) शहरातून शोध लागतात हे एम ८२ मधल्या एसएन २०१४जे ने दाखवून दिले आहे. लंडनच्या मिल हिल भागातल्या विद्यापीठ वेधशाळेत, ढग येत असताना घाईघाईने उरकलेल्या विद्यार्थ्यांच्या सरावात, २१ जानेवारी २०१४ रोजी ३५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून तो सापडला. तोवर स्फोटाला जवळपास आठवडा झाला होता. त्याआधीच्या काही दुर्बिणींच्या छायाचित्रांतही तो उमटलेला होता, पण दीर्घिकेच्या प्रखर पार्श्वभूमीवर कोणाच्या लक्षात आला नव्हता. छायाचित्र घेणे आणि ते त्याच रात्री पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे झाले नाही तर पहिल्याचा उपयोग उरत नाही.

खारदांड्याची पश्चिम समुद्रावर उघडी असते, ही खरी जमेची बाजू. एखादी दीर्घिका ऋतूच्या अखेरीस मावळतीला कलली, तरी इमारतीआड जात नाही. क्षितिजापासून पंधरा-वीस अंशांपर्यंत दमट हवेचा थर मात्र प्रकाश खातो, त्यामुळे त्याखालच्या मोजमापावर विसंबू नये. खारा वारा आरशाच्या मुलाम्याला आणि विजेच्या जोडण्यांना लवकर खातो. काम संपल्यावर दुर्बिणीवर ओलसर असतानाच टोपण चढवू नये. आधी ती कोरडी होऊ द्यावी, मग ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्यांसह बंद करावी. उत्तरेला सांताक्रूझ-जुहूवरून समुद्राकडे निघणाऱ्या विमानांच्या रेषा छायाचित्रांत येतात. ती चित्रे रचनेतून वगळावीत. प्रकाशप्रदूषण अडवणाऱ्या गाळण्यांवर फार खर्च करू नये. पांढऱ्या एलईडी दिव्यांपुढे त्या फारशा चालत नाहीत आणि तेजस्वितेच्या मोजमापात घोळ करतात.

दीर्घिकांची निवड थोडक्या पण चांगल्या ठिकाणांची असावी. शंभर दीर्घिका महिन्यातून एकदा पाहण्यापेक्षा पंधरा दीर्घिका दर रात्री पाहणे पहिल्या दिवसाच्या दृष्टीने कितीतरी उपयोगाचे. मुंबईच्या अक्षांशावरून, म्हणजे सुमारे १९ अंश उत्तरेवरून, पावसाळा सरताच ऑक्टोबरच्या संध्याकाळी एनजीसी ६९४६ उत्तरेला ४९ अंश उंचीवर येते. १९१७पासून २०१७पर्यंतच्या शंभर वर्षांत तिच्यात दहा अतिनवतारे दिसले आहेत. नोव्हेंबर-डिसेंबरात एम ७४, फेब्रुवारी ते एप्रिल एम ८१ आणि एम ८२, मार्चपासून एम ६६ आणि एम ६१, एप्रिल-मेमध्ये एम ५१, एम १०१ आणि दक्षिणेला ४१ अंशांवर एम ८३. जून ते सप्टेंबर मुंबईचे आकाश जवळपास बंदच असते. गडद आकाश हवे असेल तर खार रोडहून दादर आणि तिथून कर्जत लोकलने वांगणी गाठता येते. मुंबईच्या खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम तिथे वर्षानुवर्षे होत आले आहेत. तरीही नियमित टेहळणीसाठी घरची गच्चीच बरी, कारण या कामात आकाशाच्या गडदपणापेक्षा रात्रींची सलगता अधिक महत्त्वाची ठरते.

दर रात्रीची नोंद अशी ठेवावी : दीर्घिकेचे नाव, मधल्या छायाचित्राची वेळ, गाळणी, एकूण अवधी आणि चित्रात दिसलेल्या सर्वांत अंधुक ताऱ्याची प्रत. शेवटचा आकडा बहुतेक जण गाळतात आणि तोच निर्णायक असतो, कारण ‘काही दिसले नाही’ याला ‘कोणत्या प्रतीपर्यंत दिसले नाही’ याची जोड नसेल तर त्या नोंदीवरून काहीच ठरवता येत नाही. वेळ जागतिक वेळेत लिहावी, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेतून साडेपाच तास वजा करून. संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून रोज जुळवून घ्यावे. मूळ चित्रे एफआयटीएस स्वरूपातच ठेवावीत. सुशोभित केलेले चित्र मोजमापाच्या कामाचे नसते.

नवा ठिपका दिसला की पहिला अर्धा तास खातरजमेचा. त्याच जागेची दुसरी मालिका दुर्बीण किंचित सरकवून घ्यावी; कॅमेऱ्यातला दोष असेल तर तो ताऱ्यांबरोबर सरकत नाही. मग लघुग्रहाची शंका फेडावी. मुख्य पट्ट्यातला लघुग्रह तासाला साधारण अर्धी कला सरकतो, म्हणून तीस-चाळीस मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या दोन चित्रांत तो उघडा पडतो. एम ६६, एम ६१ आणि एम ७४ आयनिक वृत्ताच्या जवळ असल्याने तिथे ही काळजी अधिक घ्यावी. मायनर प्लॅनेट सेंटरच्या तपासणी पानावर जागा आणि वेळ भरली की त्या भागातले ज्ञात लघुग्रह कळतात. जुन्या सर्वेक्षणांच्या चित्रांशी तुलना केल्यावर आपल्याच आकाशगंगेतला एखादा रूपविकारी तारा किंवा दीर्घिकेतला तेजस्वी वायुमेघ फसवत नाही ना, हेही दिसते. ठिपका दीर्घिकेच्या अगदी केंद्रावर असेल तर घाई करू नये, कारण कित्येक केंद्रे स्वतःच कमीजास्त तेजस्वी होत असतात.

एवढ्या तपासण्यांत टिकला, तर सकाळपर्यंत थांबू नये. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या वतीने अशा नोंदी ट्रान्झियंट नेम सर्व्हरवर घेतल्या जातात. २०१६पासून अतिनवताऱ्यांची अधिकृत नावे तिथूनच मिळतात. तिथले खाते आधीच उघडून ठेवावे, ऐन रात्री पासवर्डाच्या खटपटीत तास जातो. अर्जात विषुवांश, क्रांती, वेळ, प्रत आणि गाळणी यांबरोबर शेवटची ‘न दिसल्याची’ तारीख आणि मर्यादा विचारली जाते. आधीच्या रात्रीच्या रिकाम्या चित्राची नोंद इथेच भरायची. सुरुवातीला नावाआधी ‘एटी’ लागते. वर्णपटाने खात्री झाल्यावर ते ‘एसएन’ होते.

खातरजमा आणि नोंद जुळून आल्या की किती वेगाने चक्रे फिरतात, याचे चांगले उदाहरण एसएन २०२३आयएक्सएफ. सुमारे २.१ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एम १०१ मध्ये जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांनी १९ मे २०२३ रोजी १४.९ प्रतीचा ठिपका टिपला. भारतीय वेळ होती रात्रीचे १० वाजून ५७ मिनिटे. त्याच क्षणी एम १०१ खारदांड्यावरून पाहता बरोबर मध्यमंडलावर, उत्तरेला सुमारे ५५ अंश उंचीवर, म्हणजे त्या रात्रीच्या सर्वांत सोयीच्या जागी होती. नोंद सर्व्हरवर आली पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी आणि त्यानंतर तासाभरातच कॅनरी बेटांवरच्या दोन मीटरच्या लिव्हरपूल दुर्बिणीने वर्णपट घेतला. हायड्रोजन असलेला, दुसऱ्या प्रकारचा अतिनवतारा; वर अरुंद रेषाही स्पष्ट. पुढच्या काही दिवसांत जगभरच्या हौशी निरीक्षकांनी आपापली जुनी चित्रे धुंडाळली आणि चीनमधल्या हौशी मंडळींच्या छायाचित्रांमुळे स्फोटानंतर साधारण दीड तासापासूनचा तेजवाढीचा आलेख हाती आला. त्यावरून पहिला प्रकाश पोचल्याची वेळ निघाली ती भारतीय वेळेनुसार १८ मेच्या मध्यरात्रीच्या सुमाराची. त्या वेळीही दीर्घिका आपल्याच रेखांशांवर उंच होती. पहिल्या रांगेची जागा भारताची होती. गच्चीवरच्या एखाद्या लहान दुर्बिणीचे त्या रात्रीचे चित्र, ठिपका असलेले वा नसलेले, जगाच्या आलेखात एक मोलाचा बिंदू ठरले असते.

रेखांशाचा हा फायदा व्यावसायिक पाठपुराव्यातही मोठा आहे. कॅलिफोर्नियातल्या पालोमारवर पहाट होते तेव्हा लडाखमध्ये संध्याकाळ उतरत असते. तिथे रात्रभर सापडलेले उमेदवार इथे ताजेच हाती घेता येतात. हे काम करण्यासाठी हॅन्ले येथे, ४,५०० मीटर उंचीवर, ७० सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण २०१८मध्ये सुरू झाली. ती यंत्रमानवी पद्धतीने चालते. भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि मुंबईच्याच उपनगरातली, पवईची आयआयटी मिळून ती चालवतात. शेजारीच दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण वर्णपट घेते. तिचे नियंत्रण बेंगळुरूजवळच्या होसकोट्याहून होते. एसएन २०२३आयएक्सएफचा पाठपुरावा या दोन्ही दुर्बिणींनी केला आणि अतिनील किरणांत ॲस्ट्रोसॅट उपग्रहानेही. हॅन्ले पर्जन्यछायेत असल्याने मुंबईचे आकाश पावसाने बंद असतानाही तिथे बऱ्याच रात्री मिळतात.

ज्याच्याकडे दुर्बीण नाही किंवा पावसाळ्याने ती झाकून ठेवली आहे, त्यालाही या साखळीत जागा आहे. झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी हे सर्वेक्षण २०१८पासून पालोमारच्या १.२ मीटर दुर्बिणीने एका चित्रात ४७ चौरस अंश आकाश टिपते आणि बदललेल्या वस्तूंच्या सूचना सार्वजनिक करते. लसेर, अलर्से, फिंक अशा संकेतस्थळांवर त्या चाळता येतात. तरुण अतिनवतारा हुडकताना चार गोष्टी एकत्र पाहाव्यात : शेवटची ‘न दिसल्याची’ नोंद एक-दोन दिवसांतली आहे का, जवळच्या दीर्घिकेला तो लागून आहे का, रंग निळसर आहे का आणि दोन नोंदींत तेज झपाट्याने वाढले आहे का. प्रत्येक सूचनेबरोबर गेल्या ३० दिवसांचा इतिहास येतो, त्यामुळे पहिली अट सर्वांत आधी तपासावी; बरीचशी गर्दी तिथेच गळते. चिलीतल्या रुबिन वेधशाळेची ८.४ मीटरची दुर्बीण २०२५मध्ये पहिली चित्रे देऊ लागली, म्हणून लहान दुर्बिणींचे दिवस संपले असे समजू नये. जवळचे तेजस्वी अतिनवतारे तिच्या कॅमेऱ्याला अति प्रखर ठरतात आणि तेच गच्चीवरून पाहण्याजोगे असतात.

नोंद झाल्यावर पाठपुराव्याची गती वयानुसार ठरते. पहिल्या रात्री दीर्घिका मावळेपर्यंत दर दहा-पंधरा मिनिटांनी एक मोजमाप घ्यावे आणि जमल्यास दोन गाळण्या आलटून पालटून वापराव्यात, कारण रंगावरून तापमान कळते. एसएन २०२३आयएक्सएफ सुरुवातीच्या तासांत तांबूसकडून झपाट्याने निळसर झाला. ताऱ्याभोवती धूळ होती आणि स्फोटाच्या प्रकाशाने ती नष्ट झाली, हे त्या बदलातूनच उमगले. पुढे कमाल तेजापर्यंत दर रात्री एक-दोन मोजमापे पुरतात. मग दोन-तीन दिवसांनी, महिन्याभरानंतर आठवड्याने. दुसऱ्या प्रकारच्या कित्येक अतिनवताऱ्यांचे तेज सुमारे शंभर दिवस जवळपास एकाच पातळीवर राहते आणि मग एकदम कोसळते. ते कोसळणे चुकू नये म्हणून तिसऱ्या महिन्यात पुन्हा रात्री वाढवाव्यात. तुलनेचे तारे पहिल्या दिवशी निवडलेलेच शेवटपर्यंत ठेवावेत. अमेरिकेतल्या रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची संघटना, म्हणजे आव्हसो, त्यांचे नकाशे पुरवते आणि मोजमापेही स्वीकारते. अकरा-बाराव्या प्रतीपर्यंत चढलेल्या अतिनवताऱ्याचा ढोबळ वर्णपट दुर्बिणीच्या कॅमेऱ्यापुढे साधी विवर्तन जाळी लावूनही घेता येतो. रेडिओ लहरी सर्वांत उशिरा येतात, कारण भोवतालचा दाट वायू आधी त्या शोषून घेतो. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या तीस तबकड्या त्यामुळे अनेकदा आठवड्यांनी-महिन्यांनी अशा ठिकाणांकडे वळवल्या जातात. त्या वेळी मिळणारे रेडिओ संकेत स्फोटापूर्वीच्या शतकांतला वायू उलगडून दाखवतात आणि त्यांचा अर्थ लावायलाही स्फोटाची नेमकी वेळ लागतेच.

आपल्याच आकाशगंगेतल्या अतिनवताऱ्याची तयारी वेगळी. असा शेवटचा तारा डोळ्यांना दिसला तो १६०४मध्ये. १९८७मध्ये शेजारच्या मोठ्या मॅगेलन मेघातला एसएन १९८७ए दिसण्यापूर्वी काही तास जपान, अमेरिका आणि रशियातल्या भूमिगत यंत्रांनी मिळून दोन डझनांच्या आसपास न्यूट्रिनो टिपले होते. आता स्न्यूज या जाळ्याकडून न्यूट्रिनोंची अशी सूचना ईमेलवर कोणालाही मिळू शकते. त्यासाठी नाव नोंदवून ठेवावे. सूचना आल्यावर प्रकाश पोचायला मिनिटे असतील किंवा तास. दिशा धड ठाऊक नसेल तर दुर्बिणीपेक्षा तिपाईवरचा साधा कॅमेरा आणि रुंद भिंग उपयोगी पडते. आकाशगंगेचा पट्टा धरून दर मिनिटाला छोट्या अवधीचे एक चित्र घ्यावे, अवधी इतका कमी की प्रखर तारेही चित्रात फुगणार नाहीत, आणि तारा उगवण्यापूर्वीचे एकही चित्र पुसून टाकू नये.